तेवीस नकार आणि एक होकार

१

होकार आला, आणि तो खोटा आहे हे परवानगीबाईंना पाकीट फोडल्याबरोबर वाटलं.

खरं तर त्या मंगळवारी छापखान्यात आनंदीआनंद व्हायला हवा होता. ज्या चार ओळींसाठी बाईंनी दोन वर्षं दर महिन्याला पत्र धाडलं, त्या ओळी टेबलावर येऊन पडल्या होत्या. मालकांनी तर पाकीट फुटलं न फुटलं तोच मशीनमास्तरांना हाक मारून सोमवारी मशीन लावायला सांगितलं. आणि बाई कागद हातात धरून नुसत्या बसून राहिल्या.

परवानगीबाई हे काही त्यांचं नाव नव्हे. छापखाना जुन्या जाहिराती, जुने नकाशे, जुनी चित्रं नव्यानं छापून हौशी लोकांना विकायचा, आणि प्रत्येक चित्राचा धनी हुडकून त्याची लेखी परवानगी आणायचं काम एकतीस वर्षं त्यांच्याकडे होतं. कुणाचे वारस कुठे राहतात, कुणाचं कुणाशी पटत नाही, हे सगळं त्यांना तोंडपाठ. घरी मात्र "आज उशीर झाला का?" असं विचारायलाही कुणी नव्हतं. कुलूप त्याच लावत, त्याच उघडत.

या वेळचं काम होतं मोटारींच्या बॅनरांचं. एक मोटार कंपनी होती, केव्हाच बंद पडली. तिच्या दुकानांच्या काचांत कापडी बॅनर लटकायचे, आणि आता जुन्या गाड्यांचे वेडे त्यांच्यावर जीव टाकत होते. सगळी चित्रं एकाच पेंटरनं काढलेली. कंपनी मिटताना तिनं हक्क त्याच्या पदरात टाकले आणि हात झटकले. हा पेंटर बसनं चार तासांवरच्या एका लहानशा गावात राहायचा, कुणाला भेटायचा नाही, आणि बाईंच्या प्रत्येक पत्राला न चुकता नकार पाठवायचा.

पण नकार तरी कसले! 'परवानगी देणं जमणार नाही. हे बॅनर दुकानाच्या काचेसाठी केलेले आहेत, दिवाणखान्यातल्या चौकटीसाठी नाहीत. इकडे चार दिवस वारा सुटलाय, खिडक्या सारख्या आपटतात. तुमच्याकडे कसं?' मग बाई पुढच्या महिन्यात रीतसर विनंती करत, आणि सहीखाली हळूच दोन ओळी टाकत : आमच्याकडे वारा नाही, पण शेजारी बांधकाम चाललंय, त्यामुळे खिडकी उघडायची सोयच नाही. एकदा बाई तापानं पडल्या होत्या, तर त्या महिन्याच्या नकारात औषधाची चौकशी दोन वेळा होती. असे तेवीस नकार बाईंनी फायलीत लावले होते. खरं सांगायचं तर त्यांतले काही त्या घरी नेऊन पुन्हा वाचायच्या.

शेवटच्या पत्रात मात्र त्यांना लिहावं लागलं होतं, की महिनाअखेरपर्यंत होकार आला नाही तर हे काम बंद, आणि त्याबरोबर माझं टेबलही बंद होईल. मालकांनीच तसं बजावलं होतं.

आणि आता हा होकार. बाईंनी तो पाचव्यांदा वाचला.

'तुमचं पत्र मिळालं. तुम्ही चौदा बॅनर लिहिलेत. बारा आहेत. लांबडा एकच, तीन तुकड्यांत येतो. छापायला माझी हरकत नाही. फक्त सातव्यातली गाडी वांगी रंगाची आहे, ती तशीच आली पाहिजे.' खाली पेंटरची सही.

अक्षर वेगळं होतं. तेवीस पत्रांत बारीक, गोलसर, एकमेकांना बिलगलेली अक्षरं, आणि इथे उभी, मोठी, तोडून तोडून लिहिलेली. शिवाय चौदा-बाराचा घोळ तर बाईंनी दुसऱ्याच पत्रात निस्तरला होता. आणि सातव्या बॅनरवरची गाडी स्वच्छ निळी होती. पेंटरनं स्वतःच कितीदा तिला 'माझी निळी' म्हटलं होतं.

वाऱ्याचं विचारलं नव्हतं, तब्येतीचं विचारलं नव्हतं. बाईंना सगळ्यांत जास्त लागलं ते हेच.

"मालक," त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "हे पेंटरनं लिहिलेलं नाही. कुणीतरी आपल्याला बनवतंय."

२

मालकांनी चष्मा कपाळावर चढवला.

"बाई, दोन वर्षं तुम्ही देवाकडे मागावं तसा होकार मागताय. आला, तर आता त्याचं तोंड वाकडं?"

"अक्षर बघा."

"हात दुखत असेल बिचाऱ्याचा. म्हातारा माणूस."

"म्हणून गाडीचा रंग विसरेल?"

"मला सांगा, कोण तपासणार आहे?" मालक आवाज खाली आणून म्हणाले. "पाकिटावर त्याच गावचा शिक्का आहे. सही आहे. दुकानदार रोज विचारतायत. आणि हे थांबलं तर तुमचं टेबल मी कशाच्या जोरावर ठेवू? तुमच्याच भल्याचं बोलतोय."

भल्याचं बोलत होते हे खरंच. बाईंना तेच खटकलं. चौदा हा आकडा फक्त त्यांच्या पहिल्या पत्रात होता, आणि त्या पत्राची स्थळप्रत फायलीत सगळ्यांत वर लावलेली होती. घाईघाईनं खोटा होकार तयार करणारा माणूस फाईल उघडेल, वरचंच पत्र वाचेल आणि चौदाला उत्तर देऊन मोकळा होईल. खाली तेवीस पत्रं उपसत कोण बसतो? आणि फाईल छापखान्याच्या कपाटात असायची.

"मालक, तुम्ही माझी फाईल काढली होती?"

मालकांनी चष्मा खाली घेतला. मग त्यांचा चेहरा पडला.

"एकतीस वर्षांनंतर हे विचारताय मला?" ते म्हणाले. "नाही काढली. तुमची ती दुहेरी गाठ मला सुटत नाही, हे सगळ्या छापखान्याला माहीत आहे."

बाई शरमल्या. सकाळी फायलीची गाठ त्यांनी स्वतःच सोडली होती, आणि तोवर ती जशीच्या तशी होती. पण शरम वाटली म्हणून संशय थोडाच जातो.

"शनिवारपर्यंत वेळ द्या," त्या म्हणाल्या. "खोटा निघाला तर मीच मशीन थांबवीन."

"आणि टेबल?"

"ते तुम्ही उचला."

जाता जाता मालक म्हणाले, "एक सांगू? बॅनरशेठ गेल्या सोमवारी कुठे होता ते विचारा त्याला."

बाईंनी पाकीट उलटं केलं. शिक्का सोमवारचाच होता.

३

बॅनरशेठ म्हणजे शेठ वगैरे काही नव्हता. एका कचेरीतून निवृत्त झालेला साधा कारकून, पण बारा बॅनरांचा पुरा संच अख्ख्या मुलखात त्याच्या एकट्याकडे होता. छापखान्यानं चित्रं उतरवून घेतली ती त्याच्याच संचावरून. त्याच्या खोलीत भिंतीचा तसूभर रंग दिसत नव्हता. दोघांचा पलंग होता, पण अर्ध्या पलंगावर गुंडाळ्या झोपलेल्या असत आणि उरलेल्या अर्ध्यावर तो.

"गेलो होतो," तो लगेच कबूल झाला. "तुम्ही दोन वर्षं पत्रं लिहिताय, म्हटलं आपण पायांनी जाऊन बघावं. हातापाया पडलो असतो. पण दार उघडलंच नाही. आतून एक बाई म्हणाली, ते कुणाला भेटत नाहीत. आलो परत."

"तिथून काही टाकलंत टपालात?"

"मी? मी कशाला टाकू?"

"कारण पुस्तिकेवर तुमचं नाव येणार आहे. टिपा तुमच्या आहेत. काम अडलं तर नावही अडलं."

बॅनरशेठनं पलंगावरची एक गुंडाळी सारखी केली. मग म्हणाला, "नावाची हाव आहे, खोटं कशाला बोलू. लेक परदेशी आहे. बापानं आयुष्यभर चिंध्या जमवल्या म्हणते. तिला एक प्रत पाठवणार होतो, नाव छापलेली. पण बाई, त्या माणसाच्या नावानं सही करायला माझा हात धजेल का? त्याच्या चित्रांशेजारी झोपतो मी."

बाईंनी होकाराची प्रत त्याच्या पुढ्यात ठेवली. शेवटची ओळ वाचून त्यानं कपाळावर हात मारला.

"वांगी? कोण गाढव आहे हा? बावीस वर्षं ती गाडी रोज बघतोय. निळी! टिपांत मीच लिहिलंय, सातव्या क्रमांकाची प्रसिद्ध निळी. आणि पेंटरच्या खिडकीतही तीच लटकतेय. काचेतून बघितली ना मी, भर उन्हात. नुसता जीव तुटला. तीसुद्धा निळीच."

बाई जिन्यानं खाली उतरल्या आणि मधल्याच पायरीवर थांबल्या. बॅनरशेठनं खोटं पत्र लिहिलं असतं तर त्यात गाडी निळीच आली असती. मालकांनी लिहिलं असतं तरी निळीच, कारण त्यांनी पाहिलेलं चित्रही निळंच होतं. लबाडी करणारा माणूस सगळ्यांना ठाऊक असलेलं तेच लिहील, उगाच अंगावर संशय कोण ओढून घेईल?

मग ही वांगी गाडी पाहिली तरी कुणी?

४

मशीनमास्तर चाळीस वर्षं शाईत हात घालत आले होते. त्यांच्या नखांवरून आज काय छापलं ते सांगता यायचं. त्यांनी प्रश्न ऐकला, सातवा बॅनर टेबलावर पसरला आणि त्याच्याकडे वैद्यानं रोग्याकडे बघावं तसं बघत राहिले.

"हा लटकायचा कुठे?"

"दुकानाच्या काचेत. रस्त्याकडे तोंड करून."

"म्हणजे दिवसभर उन्हात. किती वर्षं?"

"पाच-सहा तरी."

"मग झालं," मास्तर म्हणाले. "बाई, त्या काळची स्वस्त लाल शाई उन्हाला टिकत नाही. निळी टिकते. लाल आणि निळी मिळून जो रंग केलाय त्यातली लाल उडाली, की उरलं काय?"

बाईंचा हात टेबलावरच थांबला.

"पण मास्तर, हे खरं की तुमचा तर्क?"

"खरंखोटं आत्ता कळेल. ही वरची पट्टी बघा, गाडीच्याच शाईची आहे. ती दांडीवरून दुमडून मागे शिवलीय. दुमडीच्या आत ऊन गेलेलं नाही. शिवण उसवू?"

"थांबा. हा बॅनर आपला नाही. परवानगी लागेल."

मास्तर हसले. "घ्या मग, काम तुमचंच आहे."

फोनवर बॅनरशेठ आधी तयारच होईना. शिवण उसवायची म्हणजे त्याला पोट फाडल्यासारखंच. शेवटी तो स्वतः आला, घरची छोटी कात्री घेऊन, आणि टाका टाका मोजत अर्धा तास उसवत बसला. मालकही येऊन मागे उभे राहिले. दुमड उलटली.

आतली पट्टी वांगी रंगाची होती. गडद, तुकतुकीत, जणू आजच छापलेली.

बॅनरशेठ कागदाच्या गठ्ठ्यावर मटकन बसला. "बावीस वर्षं," तो पुटपुटला. "बावीस वर्षं मी लोकांना निळी म्हणून दाखवतोय."

"म्हणजे होकार खरा!" मालक टाळी वाजवून म्हणाले. "वांगी रंग ज्यानं स्वतः कालवला त्यालाच माहीत. पेंटरनंच लिहिलंय. बाई, संपलं की नाही तुमचं?"

बाईंनी फाईल उघडली. एक एक नकार त्या टेबलावर मांडत गेल्या. 'माझी निळी.' 'दुपारी चारला तिच्यावर ऊन येतं, तेव्हा ती निळी आता रस्त्याला लागेल असं वाटतं.' 'आज खिडकीपाशी बसून निळीकडे बघत होतो.'

"होकार त्यानं लिहिला," त्या म्हणाल्या. "मग ही तेवीस पत्रं कुणी लिहिली?"

५

शनिवारी सकाळी त्या निघाल्या तेव्हा त्यांनी मोत्यांच्या कुड्या घातल्या होत्या. वर्षानुवर्षं डबीत पडलेल्या. अठ्ठावन्नाव्या वर्षी, नकार देणाऱ्या माणसाला भेटायला जाताना कुणी कुड्या घालतं का, असं त्यांनी आरशाला विचारलं आणि तरीही घातल्या.

बसमध्ये खिडकीशी बसून त्या पुन्हा पहिल्यापासून विचार करू लागल्या. गणित मांडायची त्यांची सवय जुनी होती, वारसांच्या भांडणांनी लावलेली.

होकारात चौदाची दुरुस्ती होती. चौदा होतं फक्त पहिल्या पत्रात. त्याची स्थळप्रत छापखान्यात होती, पण मूळ पत्र तर पेंटरकडेच गेलं होतं! म्हणजे हा होकार पहिल्याच पत्राचं उत्तर. दोन वर्षांपूर्वी लिहिलेला आणि गेल्या सोमवारी टाकलेला. त्या वेळी बाईंनी वाऱ्याबद्दल, तापाबद्दल काही लिहिलंच नव्हतं, मग तो विचारणार काय?

नकार लिहिणाऱ्यानं गाडी पाहिली ती खिडकीत, रंग उडाल्यावर. म्हणजे तो त्याच घरात राहतो. आणि त्या घरातून आलेला आवाज बाईचा होता.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. पण ज्यानं एकदा मोकळेपणानं होकार दिला, तो माणूस आपल्या नावानं तेवीस वेळा नकार जाऊ देईल? एखादा महिना चुकून जाईल, दोन जातील. दोन वर्षं?

थांबवणं त्याच्या हातात असतं तर त्यानं थांबवलं असतं.

बाहेर शेतं मागे जात होती. बाईंनी कानांतल्या कुड्या काढल्या, रुमालात बांधल्या आणि पर्समध्ये अगदी तळाशी ठेवल्या. शेजारच्या प्रवाशानं विचारलं, "बरं वाटत नाही का?" त्यांनी मान हलवली, पण हो की नाही ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

६

दार एका ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या बाईनं उघडलं. परवानगीबाईंनी आपण कोण ते सांगितलं आणि तिचा हात कडीवरच राहिला.

"ते कुणाला…" तिनं सुरुवात केली.

"ते नाहीत," परवानगीबाई म्हणाल्या. "दोन वर्षं झाली. माझं दुसरं पत्र आलं तेव्हाही नव्हते."

ती बाजूला झाली. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, त्यातली एक भिंतीला टेकवून ठेवलेली, बसायला नव्हे तर कपडे टाकायला. खिडकीत सातवा बॅनर. दुपारचं ऊन त्याच्यातून येऊन फरशीवर निळं पडलं होतं.

"मी त्याची धाकटी बहीण," ती म्हणाली. "दादाच्या घरी आले ती इथेच राहिले. तुम्हाला कळलं कसं?"

बाईंनी त्यांना ताई म्हणत सगळं सांगितलं. गाडीचा रंग, चौदाचा आकडा, खिडकीतलं ऊन. ताई ऐकत होत्या. मधेच उठून त्यांनी बॅनरवरून हात फिरवला.

"वांगी होती होय? दादा म्हणायचा, रंग गेला रंग गेला. मला वाटायचं, म्हाताऱ्याच्या डोळ्यांचं काहीतरी."

"होकार टाकायचा राहिला कसा?"

"त्यानं लिहिलं आणि म्हणाला, उद्या टाक. दुसऱ्या दिवशी तो उठलाच नाही." ताई पदराशी चाळा करत बोलत होत्या. "मग बारा दिवस माणसं येत होती. तेराव्या दिवसापासून कुणी नाही. महिना झाला आणि टेबल आवरताना ते पाकीट सापडलं. टाकायलाच निघाले होते. फाटकापर्यंत गेले. आणि मनात आलं, हे गेलं की त्यांचं काम झालं. आता टपालवाला या दारात पुन्हा कशाला थांबेल? म्हणून परत आले आणि नाही म्हणून लिहिलं. एकदाच लिहिणार होते. पण तुमचं उत्तर आलं. त्यात शेजारच्या बांधकामाचं होतं."

परवानगीबाईंना राग आला होता. खरा राग, पोटातून आलेला. "दोन वर्षं," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं मी एका गेलेल्या माणसाला पत्रं लिहिली. माझी नोकरी जात होती."

"तेच वाचलं आणि दुसऱ्या दिवशी पाकीट टाकलं."

"मग होकारही तुम्हीच लिहायचा होतात, त्याच अक्षरात. मला काही कळलं नसतं."

ताईंनी पहिल्यांदा नजर वर केली. "नकार माझा होता, तो खोटा लिहिला. होकार दादाचा होता. तो मी कसा खोटा लिहू? अक्षर वेगळं दिसणार हे कळत होतं. म्हटलं, दिसू दे."

मग बाईंनी पर्समधून छापील कागद काढला, कारण कुठलीही गोष्ट अर्धवट टाकायची त्यांना सवय नव्हती. वारस म्हणून ताईंची संमती हवी होती. ताईंनी सही केली. बारीक, गोलसर, एकमेकांना बिलगलेली अक्षरं, आणि या वेळी त्यांच्या स्वतःच्या नावाची. बाई त्या सहीकडे बघत राहिल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

"कसे होते हो ते?" त्यांनी विचारलं.

"दादा? कामाला वाघ. पण बोलणं कमी, आणि पत्राचा तर भारी कंटाळा. तुम्हाला लिहिलं तेवढंच त्यानं दहा वर्षांत लिहिलं असेल. हवापाणी, तब्येत असलं काही त्याला कधी सुचायचंच नाही." ताई थोड्या घुटमळल्या. "खरं सांगू? तुमचं त्याच्याशी फारसं जमलं नसतं."

बाईंना रडता रडता हसू फुटलं, आणि हसता हसता जास्तच रडू आलं. दोन वर्षं ज्याच्या पत्राची त्या वाट बघत होत्या, तो पेंटर मुळी कधी नव्हताच. जे कुणी होतं ते समोर चुरगळलेल्या पदरानं बसलं होतं, आणि आता आपल्याला पोलिसात देतात की काय म्हणून दाराकडे बघत होतं.

"शेवटची बस पाचची आहे," ताई हळूच म्हणाल्या. "आत्ता निघालात तर मिळेल."

परवानगीबाईंनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. उठल्या. भिंतीशी ठेवलेल्या खुर्चीवरचे कपडे त्यांनी उचलले, नीट घड्या घालून पलंगावर ठेवले, खुर्ची ओढून टेबलाशी आणली आणि तिच्यावर बसल्या.

"सकाळी आहे ना एखादी?" त्यांनी विचारलं.

"आहे. सव्वासातला."

"मग चहा टाका," बाई म्हणाल्या. "आणि ताई, तुमच्या पत्रांत राहून गेलेलं सगळं सांगा."